भेणाऱ्यांचा रकाना

भिलाईत, पावर हाउसच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या वर, आमचं सहलींचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि भिंतीवर चित्रकोट धबधब्याचा मोठा फोटो, ज्याचा निळा रंग उन्हानं उडून गेला होता. एक टेबल माझं, दुसरं काकाजींचं. मालक संध्याकाळी तासभर यायचे आणि माझ्याच टेबलाशी बसायचे. काकाजींच्या टेबलाला हात टेकवायची कोणाची टाप नव्हती. त्यांनी त्याच्या चारही पायांखाली लाकडाच्या पाचरी ठोकून ते असं घट्ट बसवलं होतं, की झाडू मारणारी बाई त्या टेबलाखालचा केर तिथंच सोडून द्यायची.

काकाजी रेल्वेतले. चरोद्याच्या यार्डात तीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. यार्डात एक मातीचा उंचवटा असतो. इंजिन मालगाडीचे डबे त्याच्यावर ढकलत नेतं आणि पलीकडच्या उतारावरून एकेक डबा सुटा होऊन आपल्या आपण खाली येतो, ज्या त्या रुळावर. खाली उभं राहून, येणाऱ्या चाकापुढे लोखंडी ठोकळा ठेवून तो डबा थांबवायचा, हे काकाजींचं काम. त्या तीस वर्षांत त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "उतारावरून येनारा डबा आवाज नाही करत, बाई. इंजिन आवाज करते. डबा नुसता येते." आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

तर असा हा माणूस आमच्याकडे डोंगरातल्या सहली आखायचा. चिल्फी, केसकाल, मैनपाट, अमरकंटक. भिलाईत कुणाकडे नागपूरचे, पुण्याचे पाहुणे आले की त्यांना काय दाखवावं हा प्रश्न पडतो. पोलादाचा प्लांट बाहेरूनच पाहायचा आणि बाग एका दुपारी संपते. मग लोक आमचा जिना चढायचे आणि काकाजी त्यांच्यासाठी डोंगर काढून द्यायचे. स्वतः मात्र पावर हाउसचा ओव्हरब्रिजही ऑटोतून ओलांडायचे नाहीत. अलीकडे उतरायचे, कडेकडेनं पायी चालत जायचे आणि पलीकडे ऑटोवाला बिडी ओढत त्यांची वाट पाहत असायचा. भिलाईसारख्या पाटासारख्या सपाट गावात या माणसाला चढ सापडायचे कुठून, देव जाणे.

"रेलवे चढाव दगडावर लिहून ठेवते," ते म्हणायचे. "शंभराले एक, दीडशेले एक. मानसाले समजते का आपन किती चढून राहिलो. ह्या सडकवाल्यायनं कुठी लिहून ठेवलं हाय, सांग बरं?"

मी तेव्हा नवीन होते, बी.कॉम. झालेली, रिसालीहून स्कूटीवर यायचे आणि मला वाटायचं जगात माझ्याइतकं चटपटीत कोणी नाही. बुकिंगचा फॉर्म मी कॉम्प्युटरवर करून दिला तर काकाजींनी त्यात एक रकाना वाढवायला लावला. नाव, वय, जेवण शाकाहारी की कसं, आणि शेवटी 'भेणारे'. मी म्हटलं, काकाजी, निदान 'घाबरणारे' तरी लिहा, शुद्ध तरी दिसेल. ते म्हणाले, "घाबरनं वेगळं. कुत्रं अंगावर आलं त मानूस घाबरते. भेव आंगात राह्यते."

गंमत अशी, की हा रकाना कोणी भरायचंच नाही. घरचा कर्ता पुरुष हसून म्हणायचा, आमच्यात कोणी नाही तसं. मग काकाजी चहा मागवायचे आणि इकडचं तिकडचं बोलत बसायचे. लोक जिना उतरले की रकान्यात आकडा लिहायचे. एक. कधी दोन. त्यांचं गणित सोपं होतं: किती तास लागतात हे जो दोनदा विचारतो तो भेणारा. त्या माणसाला मधली जागा. घाटाच्या आधी भरपेट खाऊ घालायचं नाही. चढ सुरू व्हायच्या आधी एकदा गाडी थांबवून त्याला चार पावलं चालवायचं. ड्रायव्हरला ताकीद, की भेणाऱ्याला 'काही होत नाही' असं म्हणायचं नाही, 'अजून तीन वळणं आहेत' असं सांगायचं. आमच्या गाड्यांतून गेलेली माणसं परत परत आमच्याकडेच यायची, ती डोंगर पाहून खूश झाल्यामुळे नाही. त्यांना तिथवर नीट नेऊन आणलं जायचं म्हणून यायची, असं मला आता वाटतं.

आणि त्यांची ती वही. सहलीहून परतलेल्या पाहुण्यांना ते पुन्हा बोलावून घ्यायचे, चहा पाजायचे आणि विचारायचे, "काय दिसलं?" लोक जे सांगतील ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या पाहुण्यांना तेच सांगायचे, डोळे अर्धवट मिटून, हात हवेत हलवत. "मैनपाटले सकाळी धुकं पायाखाली राह्यते जी, अन आपन वर उनात. चौथ्या मोडावर डावीकडून पाहाचं, झाडाच्या फटीतून खालची सडक दिसते. मंग समजते, अरे, इथून त आपन आलो." ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काल संध्याकाळीच तिथून आला.

मलाही तसंच वाटायचं. आमच्या जुन्या ड्रायव्हरनं एकदा खरं काय ते सांगितलं. मालकांनी सुरुवातीला काकाजींना रस्ता पाहून या म्हणून चिल्फीला पाठवलं होतं. "कका ह मुड़ म गमछा ओढ़ के सुते रिहिस, दीदी," ड्रायव्हर म्हणाला. घाट लागल्यापासून डोक्यावर गमछा ओढून मागच्या सीटवर पडून राहिले. वर पोचल्यावरही उठले नाहीत. तसेच खाली आले.

हे कळल्यावर माझ्या जिभेला आवर राहिला नाही. पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. गृहस्थ सह्याद्रीतल्या घाटांची नावं पोपटासारखी घेत होते आणि बायको गप्प बसून होती. गृहस्थांनी काकाजींना विचारलं, तुमचा आवडता घाट कोणता? मी मध्येच म्हणाले, "काकाजींनी एकसुद्धा पाहिलेला नाही हो. गमछ्याखालून जातात ते." सगळे हसले. काकाजीही हसले. पाहुणे गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू खरंच बोलली. पन त्या वहिनी भेत होत्या. तिले वाटत होतं, एवढा बुढा मानूस जाते-येते, त मले कावून भेव वाटावं? तो आधार तू काढून घेतला." मला ते लागलं, पण पटलं नाही. खोट्याचा कसला आधार, असं मी मनात म्हटलं.

पुढं एकदा त्यांनी ती वहीच बंद केली. 'काय दिसलं' विचारणं चालू ठेवलं, सांगणं सोडलं. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचे, "मी नाही पाहिलं जी. तुमी पाहून या अन मले सांगा." हे ज्या दिवसापासून झालं तो दिवस मला सांगायचा आहे. आता काकाजी नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

त्याआधी घाटाची एक गोष्ट. आपण मराठी माणसं घाट म्हणतो ती डोंगरातली वाट. इथं हिंदीत घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या, डोंगरातली वाट ती घाटी. आम्ही दोन्हीकडचे, त्यामुळं आमच्या तोंडी दोन्ही घाट असतात आणि कोणता ते समोरच्यानं समजून घ्यायचं. काकाजींनी याचा चांगलाच फायदा करून घेतला होता. महाराष्ट्रातले कोणी म्हणाले, "काका, तुम्ही स्वतः चला ना, आम्हाला एखादा घाट दाखवा," की काकाजी तत्काळ तयार. त्यांना गाडीत घालून थेट दुर्गजवळ शिवनाथ नदीवर. "हा घ्या घाट." पाहुणे हसायचे, तिथं बसून भजी खायचे आणि खरा घाट ड्रायव्हरबरोबर पाहून यायचे. ही थट्टा इतकी जुनी झाली होती, की फोनवर घाट शब्द आला तरी मी हसायचे.

म्हणून त्या दिवशीही हसले. फोन काकाजींनी घेतला होता. "जय भीम, माय," एवढं ऐकू आलं. मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "या, माय. दाखवतो घाट." फोन ठेवून त्यांनी फॉर्म ओढला आणि लिहिलं: एक बाई, घाट, शिवनाथ. मी म्हटलं, काकाजी, आता आजीबाईंनाही फसवणार? त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली.

दोन दिवसांनी ती गोंदियाच्या गाडीनं आली, भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून, एकटी. सत्तरीची असेल. धुतलेलं पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. समोरचं माणूस तिला दिसायचं, लांबचं सगळं धुरकट. म्हातारी बाई एकटी आहे, बरोबर जा, असं मालकांनी मला सांगितलं होतं, म्हणून मीही गाडीत बसले. वाटेत काकाजींनी गाडी थांबवून फुलं आणि नदीत सोडायला पानांचे दोन दोने घेतले. मला ते विचित्र वाटलं.

नदीवर ती पायऱ्यांवर उभी राहिली. चपलेनं पायरी चाचपली. मग आणखी एक.

"भाऊ, हे काय हाय?"

"घाट हाय, माय. शिवनाथ नदीचा."

"ह्या पायऱ्या हायत." ती काकाजींकडे वळली. "माहा पोरगा ट्रकवर लोखंडी सरिया घेऊन जगदलपूरले चालला होता, भाऊ. मी फोनवर तुमाले सांगितलं. ट्रक पायऱ्यायवरून जाते का?"

काकाजी हातात दोने धरून उभे होते.

"अन हे फुलं? तुमी जय भीमवाले, मी जय भीमवाली. आपल्यात नदीत दोने सोडते का कोनी? हे कोनासाठी आनले?"

आता मला सगळं एकदम कळलं. तिला केसकालचा घाट पाहायचा होता, जगदलपूरच्या रस्त्यावरचा, जिथं तिचा मुलगा ट्रकसकट खाली गेला. आणि काकाजींना ते फोनवरच कळलं होतं. नुसता घाट या शब्दाचा घोटाळा असता तर चूक म्हणता आली असती. पण ज्यांच्या घरात नदीला दोना वाहण्याची चाल नाही त्यांनी तिच्या गेलेल्या मुलासाठी दोने विकत घेतले होते. मला त्यांचा इतका राग आला, की मी तोंड फिरवून नदीकडे पाहत राहिले.

म्हातारी पायरीवर बसली. रागावली नव्हती. एखाद्या कारकुनाला आपलं काम समजावून सांगावं तसं सांगू लागली.

"तीन वर्ष झाले. गावचे लोक त्याले घ्याले गेल्ते. त्यायनं जागा नाही पाहिली, दवाखान्यातूनच आनला. मले म्हनाले, ट्रक झाडायत सापडला. झाडायनं झेलला म्हने, जास्त नाही लागलं म्हने. त्यायले वाटलं मले बरं वाटन." तिनं चष्मा काढून पदराला पुसला. "संध्याकाळी पडला, सकाळी सापडला. झाडायनं झेलला, त मंग तो रातभर जिता होता का, भाऊ? मले आवाज देऊन राहिला होता का? तीन वर्ष झाले मी तेच आयकून राहिली. जेवता जेवता आयकू येते. मले एवढंच पाहाचं हाय, तिथं झाडं हायत का नाही."

मग काकाजी तिच्या दोन पायऱ्या खाली येऊन बसले, तिच्यापेक्षा लहान दिसावेत तसे, आणि म्हणाले, "माय, मी फोनवर बरोबर आयकलं होतं. मले चढावाचं भेव वाटते. म्हनून मी नदी धरली. तुमच्याशी खोटं वागलो."

"भेव वाटते त सांगाचं ना," ती म्हणाली. "भेव वाटनं काय चोरी हाय?"

मी पुढं होऊन म्हणाले, की मी नेते आजींना, ड्रायव्हर आहे, उद्याच जाऊ. काकाजी म्हणाले, "नाही. खोटं मी बोललो, त मीच जाईन." ऑफिसात परत आल्यावर त्यांनी नवा फॉर्म घेतला. तिच्या पिशवीत पंचनाम्याची नक्कल होती, हिंदीत. आजीला ती वाचता येत नव्हती आणि तिच्या गावात कोणी नीट वाचून दाखवली नव्हती. त्या नकलेत फक्त जागा होती, खालून आठवा मोड, म्हणजे वळण. खाली काय आहे याबद्दल एक ओळ नव्हती. काकाजींनी आठवा मोड लिहिला, कांकेरला चहा लिहिला, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: भेणारे, एक. पुढं कंसात 'मी'. तो फॉर्म मी फाइलला लावला तेव्हा माझा राग निम्मा उतरला होता. आजी त्या दिवशी आमच्या घरी रिसालीला राहिली आणि आईनं वाढलेलं सगळं निमूट जेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. बालोदवरून कांकेर. कांकेरला काकाजींनी चहाबरोबर आजीला अर्धीच पोळी दिली आणि स्वतः काही खाल्लं नाही. मधल्या जागेवर बसले. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. घाट सुरू होतो तिथं गाडी थांबवून ते चार पावलं चालले आणि येऊन बसले. गमछा त्यांच्या मांडीवर होता. तो त्यांनी डोक्यावर घेतला नाही, पण डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर दर वळणाला आकडा सांगत होता. एक. दोन. मधल्या मंदिरापाशी त्यानं हात कपाळाला लावला. समोरून माल भरलेले ट्रक कण्हत उतरत होते आणि प्रत्येक ट्रकला काकाजींचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटत होता. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी वाटत होतं, की आता कळलं ना, कसं असतं ते. माझा स्वभाव असाच आहे.

आठव्या वळणावर थांबायला जागा नव्हती. गाडी पुढं रुंद जागी लावून आम्ही कडेकडेनं मागं चालत आलो. आजीचा एक हात माझ्या हातात होता. काकाजी आमच्या मागं, डोंगराच्या बाजूला अंग घासत. कठडा जुना, काळा पडलेला, आणि मध्ये चार-पाच हात नवा बांधलेला, अजून पांढरा. विचारायची गरज नव्हती. आजीनं हातानं जुन्या-नव्याचा सांधा चाचपला.

"इथून?"

"इथूनच, माय," काकाजी मागून म्हणाले.

"खाली काय हाय?"

मी पटकन म्हणाले, "खूप झाडं आहेत, आजी. सगळं हिरवं आहे." मी नीट पाहिलंही नव्हतं. तिचा प्रश्न मला पाठ होता, काल तिनं काय विचारलं ते मी ऐकलं होतं, आणि तरी तोंडातून तेच आलं जे तिच्या गावचे लोक तीन वर्षं सांगत होते. चांगलं दिसणारं काहीतरी सांगायचं, एवढंच मला सुचलं.

तिनं माझा हात थोपटला. "तू नको सांगू, बाई. तू पोरगी चांगली हायस, तू मले बरं वाटन तेच सांगशीन. ह्या भाऊनं एकदा खोटं बोलून कबूल केलं. भाऊ सांगतीन."

काकाजी डोंगराला पाठ लावून उभे होते. रस्ता बारा-पंधरा पावलांचा असेल. ते उभ्यानं तो ओलांडू शकले नाहीत. ट्रक नाही असं पाहून खाली बसले, आणि बसूनच, हातांवर रेलून, सरकत सरकत कठड्यापर्यंत आले. पांढरं धोतर, स्वच्छ सदरा, रेल्वेची पेन्शन खाणारा, अख्ख्या बाजारात मान असलेला माणूस. कठड्याला धरून त्यांनी डोकं वर काढलं आणि खाली पाहिलं.

किती वेळ पाहत होते सांगता येणार नाही. दोन ट्रक गेले. त्यांचे डोळे उघडे होते. एकदा वाटलं, आता हेही झाडं म्हणणार. दुसरं काय म्हणेल कोणी एका आईला?

"दगड हाय, माय," ते म्हणाले. "सरळ दगड हाय. भिंतीसारखा. झाडं हायत, पन लय खाली, तळाले. ट्रक तिथीच सापडला असन. मधात झाड नाही. एकही नाही."

"मधात कुठी अडकाले?"

"अडकाले काहीच नाही, माय. मी पाहून राहिलो. हात धराले फांदी बी नाही."

मला वाटलं ती कोसळेल, म्हणून मी तिला घट्ट धरलं. ती सरळ उभी होती.

"मंग लगेच गेला," ती म्हणाली.

"हो, माय. लगेच."

"आवाज द्याले टाइमच नाही भेटला त्याले."

"नाही, माय. नाही भेटला."

मग ती रडली. नव्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून, मोठ्यानं, हंबरडा फोडून. मीही रडले, पण माझ्या रडण्यात शरम जास्त होती. आम्ही सगळे तिला तीन वर्षं झाडं सांगत होतो. काल-परवाची मीसुद्धा त्यांच्यातलीच निघाले.

ती शांत झाली तरी काकाजी कठड्यापाशीच बसून होते. त्यांना उठता येईना. ड्रायव्हर आणि मी दोघांनी काखेत हात घालून उचललं, पण ते रस्त्याकडे तोंडच करेनात. तेव्हा ती आली. डोळे पुसून, चष्मा नीट लावून. त्यांचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "चाला, भाऊ. माहं काम झालं. आता तुमाले खाली नेतो." आणि दुसऱ्याच्या लहान पोराला रस्ता ओलांडून न्यावं तसं तिनं त्यांना गाडीपर्यंत आणलं.

वर जाऊन गाडी वळवली आणि उतरायला लागलो. उतार चढापेक्षा वाईट असतो, हे काकाजी नेहमी सांगायचे. त्यांनी डोळे मिटले होते. तिनं हात सोडला नाही. पहिल्या वळणावर ती बोलायला लागली.

"सा वर्षाचा होता, त ट्रॅक्टरवर जाऊन बसे. पाटलाच्या. कोनी उतरवलं त रस्त्यात लोळे."

"मंग?" काकाजी डोळे मिटूनच म्हणाले.

"मंग काय, मीच पाटलाले म्हटलं, बसू द्या जी. एक दिवस त्यानं चाबी फिरवली न. सारा शेताच्या धुऱ्यावरून खाली. ट्रॅक्टर चिखलात, अन हा वरून मले म्हनते, माय, मी चालवला!"

तिला हसू आलं. तीन वर्षांत ती त्याच्याबद्दल, तो मेला याशिवाय दुसरं काही बोलली असेल असं मला वाटत नाही. वळणामागून वळण जात होतं. त्याला वांग्याची भाजी चालत नव्हती. पहिल्या पगारात त्यानं तिच्यासाठी पंखा आणला, पण घरात लाइटच नव्हती. लग्नासाठी पाहिलेली मुलगी त्याला उंच वाटली. ती एकेक सांगायची, काकाजी दर वळणाला दात दाबून विचारायचे, "मंग?" आणि ती पुढचं सांगायची.

घाट संपला. गाडी सपाट रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आली. ड्रायव्हरनं मागं वळून सांगितलं, कका, आलो खाली. काकाजींनी डोळे उघडले, सपाट रस्त्याकडे पाहिलं, आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "मंग?"